नाणी कोणाची, इतिहास कोणाचा?

द्रोणागिरीतल्या आमच्या वसाहतीत रविवारी बुद्धवंदना झाली की लगेच कोणी उठत नाही. चहा येईपर्यंत चार गोष्टी निघतात. कोणाचा मुलगा बंदरात कंत्राटावर लागला, कोणाची साडेबारा टक्क्यांची फाईल अजून कुठल्या टेबलावर पडून आहे, असे काहीबाही. परवाच्या रविवारी आमची आत्या पदराखाली एक पत्र्याचा डबा झाकून घेऊन आली. डबा बिस्किटांचा, पण आत नाणी. चवल्या, पावल्या, भोकाचे पैसे, अॅल्युमिनियमचे दोन आणि तीन पैसे, कमळाचे पिवळे वीस पैसे. आणि अगदी तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेले, बाबासाहेबांचे चित्र असलेले सात रुपये.

आत्याचे यजमान गोदीत हमाली करायचे. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९९० साली, भारत सरकारने बाबासाहेबांची प्रतिमा असलेला एक रुपयाचा शिक्का काढला. पगारात, सुट्ट्या पैशांत तो हाती आला की मामा तो बाजूला काढून ठेवीत. आत्या म्हणाली, "ते म्हणायचे, बाबासाहेब खर्च करायचे नसतात." घरात मीठ-मिरचीला पैसा नसतानाही ते सात रुपये मोडले गेले नाहीत.

आता हा डबा बाहेर का आला? तर आत्याच्या भाच्याने मोबाईलवर एक जाहिरात पाहिली. बाबासाहेबांचा एक रुपया द्या आणि नऊ लाख घ्या! त्याने फोटो पाठवला. तिकडून गोड आवाजात फोन आला, नोंदणीचे एकवीसशे पन्नास रुपये भरा. भरले. मग फोन आला, कराचे आठ हजार भरा, पैसे आजच खात्यात येतील. तेव्हा कुठे पोराच्या डोक्यात प्रकाश पडला. एकवीसशे पन्नास रुपये गेले ते गेलेच.

भारतीय रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढून सांगितले आहे की, जुनी नाणी आणि नोटा खरेदी-विक्रीच्या अशा व्यवहारात बँक कधीच पडत नाही, कसलेही शुल्क किंवा दलाली मागत नाही आणि तसा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या फिरत आहेत. हे निवेदन इंग्रजी पेपरात छापून आले असेल, परंतु आमच्या वस्तीत कोण वाचणार? जाहिरात मात्र मराठीत येते आणि तिच्यावर बाबासाहेबांचा फोटो असतो. आमच्या श्रद्धेचाच गळ करून आमच्याच खिशाला लावतात.

त्या दिवशी मी आत्याला जे खरे ते सांगितले. १९९० चा तो रुपया चलनासाठीच मोठ्या संख्येने पाडलेला आहे. अशा सामान्य, वापरलेल्या नाण्याला बाजारात लाखांचा भाव मिळत नाही. तो कोणत्या टाकसाळीत पाडला हे मात्र नाण्यावरच वाचता येते. सालाच्या खाली बारीक चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. पोरांनी चष्मे आणि मोबाईल लावून सातही रुपये तपासले. पाऊण तास त्यात गेला, चहा थंड झाला. मला मात्र त्या पाऊण तासात एक गोष्ट लख्ख दिसली. हेच काम शहरात क्लब करून, हॉल घेऊन, वर्गणी काढून लोक वर्षानुवर्षे करीत आहेत. त्यात आम्ही कुठे आहोत?

महाराष्ट्रात नाणेसंग्राहकांच्या संस्था आहेत. मुंबईत मुंबई कॉइन सोसायटी आहे. पुण्यात दुर्मीळ वस्तूंच्या संग्राहकांची संस्था आहे आणि तिचे कॉइनेक्स प्रदर्शन नाणेवाल्यांच्या जगात प्रसिद्ध आहे. नाशिकजवळ अंजनेरीला तर १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या विद्वानाने ती उभी केली. मुंबई विद्यापीठात नाणेशास्त्र शिकवले जाते. अशा संस्थांच्या बैठकीत कोणीतरी एखाद्या राजवटीच्या नाण्यांवर बोलतो, सभासद आपापली नाणी दाखवतात, अदलाबदल होते, खरे-खोटे ओळखायला जुनी माणसे नव्यांना शिकवतात. वार्षिक प्रदर्शनात व्यापाऱ्यांची टेबले लागतात, लिलाव होतात. हौशी शाळकरी पोरेही वही आणि भिंग घेऊन हिंडतात. वाईट काही नाही. उलट ज्ञानाची देवाणघेवाण अशीच व्हायला हवी. मी स्वतः दोन-तीन प्रदर्शने पाहिली आहेत. सातवाहनांच्या टेबलापाशी उभा असताना शेजारी "जय भीम" म्हणायला माणूस सापडला नाही, एवढेच.

का सापडला नाही, याचे उत्तर नाण्याच्याच इतिहासात आहे.

संग्रह करायचा म्हणजे हातात आलेला पैसा खर्च न करता ठेवायचा. आमच्या हातात पैसा आला कधी? गावकीत महाराला मिळायचे ते बलुते. धान्याच्या पेंढ्या, शिळी भाकर, मेलेले ढोर. त्याच्या अहोरात्र राबण्याला नाण्यात मोल नव्हते, कारण नाण्यात मोल ठरले की माणूस ते घेऊन दुसऱ्या गावाला जाऊ शकतो. धान्याला आणि वतनाला बांधलेला माणूस जाऊ शकत नाही. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्धचे विधेयक १९२८ साली मुंबई कायदेमंडळात आणले ते यासाठीच. ते वतन कायद्याने जायला १९५८ उजाडावे लागले. आणि जेव्हा केव्हा महार-मांगाच्या हाती पैसा आला, तेव्हा वाण्याच्या दुकानात तो हातातून हातात गेला नाही. उंबऱ्यावर ठेव, मग त्यावर पाणी शिंपडून तो उचलणार! आमच्या जुन्या माणसांनी हे भोगले आहे आणि आम्ही ते त्यांच्या तोंडून ऐकले आहे. राजाचा शिक्का असलेले तेच नाणे, तीच चांदी, तोच तांबे. पण आमच्या बोटांनी ते बाटायचे आणि पाण्याच्या थेंबाने पुन्हा शुद्ध व्हायचे. टाकसाळीत धातूचा कस तपासतात, इथे मात्र जातीचा कस तपासला जात होता.

लष्कर, रेल्वे, गिरणी, गोदी. आमच्या समाजाला रोख पगार पहिल्यांदा इथे दिसला. म्हणून गोदीतल्या हमालाने बाबासाहेबांचे सात रुपये बाजूला काढून ठेवणे ही साधी हौस नाही. पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या संग्राहकाच्या कपाटात होन असेल, मोहर असेल. त्या संग्रहाला मी कमी लेखत नाही. पण दुसऱ्या दिवशीच्या पिठाचा रुपया ज्याने राखला, त्याचा संग्रह कोणत्या भिंगाने पाहायचा?

गंमत अशी की, ज्या रुपयावर बाबासाहेब दिसतात त्या रुपयाचाच अभ्यास करून ते लंडनमधून डॉक्टर ऑफ सायन्स झाले. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनला पी. एस. किंग या प्रकाशनाने काढला. त्याला प्रस्तावना त्यांचे गुरू प्रोफेसर एडविन कॅनन यांची आहे, आणि गुरूला शिष्याची सगळी मते मान्य नव्हती हेही त्या प्रस्तावनेत लपवलेले नाही. आपल्याकडे या ग्रंथाचे नाव भाषणात घेतात, पुस्तक मात्र उघडत नाहीत. उघडले तर पहिल्याच प्रकरणात नाणीच नाणी भेटतात. मोगलांची मोहर आणि रुपया, मोगल सत्ता मोडल्यावर जागोजागी निघालेल्या टाकसाळी, वजनात आणि कसात उतरत गेलेले रुपये, आणि त्या गोंधळावर पोट भरणारे सराफ. मग १८३५ साली कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया केला, १८० ग्रेन वजनाचा, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. १८९३ साली लोकांनी चांदी आणावी आणि रुपये पाडून न्यावेत ही मोकळीक बंद झाली. तेव्हापासून रुपयाचे मोल चांदीवर न राहता सरकारच्या मर्जीवर आले. बाबासाहेबांचा मुद्दा असा की, ही मर्जी बांधून टाका. सरकारला वाटेल तेवढे रुपये पाडता आले की रुपयाची किंमत उतरते, महागाई चढते, मजुरी मात्र मागेच राहते, आणि त्यात मरतो तो रोजंदारीवर जगणारा. हे त्यांनी जॉन मेनार्ड केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या मताविरुद्ध उभे राहून मांडले. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही नवे रुपये पाडणे पूर्ण बंद करा, सरकारलाही ती मोकळीक नको, असे त्यांनी सांगितले.

इथे एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगायची आहे, राग आला तरी चालेल. आपल्या व्यासपीठावरून हमखास सांगतात की, बाबासाहेबांच्या ग्रंथावरूनच रिझर्व्ह बँक निघाली. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली ती हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशीच्या वाटेने, आणि त्या आयोगासमोर बाबासाहेबांची साक्ष झाली होती. एवढे निश्चित आहे आणि एवढे पुष्कळ आहे. अस्पृश्य म्हणून शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसवलेला मुलगा साम्राज्याच्या शाही आयोगाला चलन कसे असावे ते सांगतो, याहून मोठी गोष्ट आणखी काय फुगवायची? फुगवले की विरोधक फुगवलेला भाग टाचणीने फोडतो आणि खऱ्या भागावरही हसतो.

बाबासाहेबांच्या नाण्याची कथा १९९० वर थांबत नाही. १२५ व्या जयंतीवर्षात, ६ डिसेंबर २०१५ रोजी, पंतप्रधानांच्या हस्ते दोन नाणी निघाली. एक १२५ रुपयांचे, ते चलनात फिरण्यासाठी नव्हतेच. दुसरे दहा रुपयांचे. त्यानंतर थोड्याच काळात देशभर अफवा उठली की दहाची नाणी खोटी आहेत. रिक्षावाला घेईना, भाजीवाला घेईना. रिझर्व्ह बँकेला १७ जानेवारी २०१८ रोजी पुन्हा सांगावे लागले की, दहा रुपयांच्या नाण्याचे तोवर निघालेले सर्व चौदा नमुने कायदेशीर चलन आहेत. अफवा सगळ्याच दहाच्या नाण्यांबद्दल होती, हे मान्य. तरी या पट्ट्यातल्या एका दुकानात बाबासाहेबांचे दहाचे नाणे दुकानदाराने माझ्यासमोर बोटाने परत सरकवले, तेव्हा मला उंबऱ्यावरचा पाण्याचा थेंब आठवला. कदाचित त्याच्या मनात तसे काही नसेल. पण आठवण कोणाची परवानगी घेऊन येत नाही.

आता थोडे मागे जाऊ, कारण नाणेसंग्राहकांच्या टेबलावर जे सर्वांत जुने असते ते आपले असते. आहत नाणी घ्या. चांदीचे चौकोनी, वेडेवाकडे तुकडे, त्यावर ठोकलेले सूर्य, वृक्ष, प्राणी. पाली ग्रंथांतले कहापण ते हेच. अनाथपिंडिकाने जेतवनाची जमीन नाण्यांनी झाकून विकत घेतली आणि तथागतांच्या संघाला दिली, ही कथा आपण प्रवचनात ऐकतो. भारहुतच्या स्तूपावर ती कोरलेली आहे. बैलगाडी उभी आहे, माणसे नाणी उतरवून जमिनीवर पसरीत आहेत, आणि ती नाणी चौकोनी आहेत! शिल्पकाराने आपल्या काळच्या बाजारातले नाणे पाहून कोरले. नाणेशास्त्राच्या अभ्यासकांसाठी तो पुरावा आहे आणि आपल्यासाठी तर दानाची पावती आहे.

नाशिकला जा. सरकारी पाटीवर पांडवलेणी लिहिलेले असले तरी पांडवांचा तिथे काही संबंध नाही. ती त्रिरश्मी लेणी आहेत, भिक्खूंची. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने संघासाठी ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. कोणाकडे? सावकाराकडे नाही, देवळात नाही, गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे. २,००० एका श्रेणीकडे शेकडा महिना एक दराने, १,००० दुसरीकडे शेकडा महिना पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. आता हिशेब करा. २,००० वर महिन्याला २० म्हणजे वर्षाला २४० कार्षापण. आणि लेखात म्हटले आहे की वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. एक पैसा इकडे नाही, तिकडे नाही. भिक्खूने सोने-चांदी स्वीकारू नये असा विनयाचा नियम आहे, आणि वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत ज्या दहा गोष्टींवरून वाद झाला त्यांत हीही एक होती. इथे मुद्दल श्रमिकांच्या संघटनेकडे आणि त्याच्या व्याजातून संघाचे चीवर. त्याच लेखात ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण असा त्या काळचा भावही कोरून ठेवला आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी विणकर बँक चालवत होते. पुढे त्याच विणकराला कोणत्या शास्त्राने शूद्र करून खाली बसवले, हा प्रश्न नाणेप्रदर्शनात कोणी विचारीत नाही.

त्याच नाशिक भागात जोगलटेंभी इथे १९०६ साली एक साठा सापडला. नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकलेला. राज्य बदलले हे पोथीने नाही, मातीने सांगितले. पोथी लिहिणाऱ्याला जे नको ते तो गाळतो. घागरीत पुरलेल्या नाण्याला गाळता येत नाही.

आणि फार लांब तरी कशाला? आमच्या द्रोणागिरीतून मोरा बंदराकडे गेले की समुद्रात घारापुरी दिसते. तीही उरण तालुक्यातलीच. १९८७ पासून जागतिक वारसा. होड्या भरभरून पर्यटक येतात, मोठे लेणे पाहतात, मक्याची कणसे खातात, परततात. पूर्वेच्या टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, तिकडे कोण चढतो? त्या बेटावर क्षत्रपांची नाणी सापडली आहेत, कलचुरी कृष्णराजाची तांब्याची नाणी सापडली आहेत. अभ्यासकांनी लेण्यांचा काळ ठरवताना या तांब्याच्या चिल्लरीचा आधार घेतला. द्रोणागिरीच्या कुशीतल्या चाणजे गावचा १२६० सालचा शिलालेख तर शिलाहार राजा सोमेश्वराचा. उरणमधल्या चाणजे गावच्या एका बागेचे १६२ द्रम्म उत्पन्न ठाण्याच्या देवळाला दिल्याचा. तेव्हाच्या बागेचा महसूलही नाण्यात मोजलेला. त्या बागेत राबणाऱ्यांना त्यातले किती द्रम्म मिळाले, हे मात्र दगडावर नाही.

हा सगळा पट्टा आता खणला जातो आहे. १९७० साली सिडको आली, शेते आणि मिठागरे संपादित झाली. १९८४ च्या जानेवारीत भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून आणि दि. बा. पाटलांच्या नेतृत्वातून साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले, पण ते ज्याची जमीन गेली त्याला. ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, जो दुसऱ्याच्या शेतात आणि मिठागरात राबत होता, त्याला काय? बंदर १९८९ साली झाले, रेल्वे २०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत आली, इमारती तर रोज उठत आहेत. पायाचे खड्डे खणणारे हात कोणाचे? मराठवाडा-विदर्भातून आलेले आपले लोक, आदिवासी, उत्तरेचे दलित मजूर. उद्या फावड्याला एखादी घागर लागली तर ती ठेकेदाराच्या गाडीत जाते आणि रातोरात सोनाराच्या मुशीत वितळते, हे गृहीतच धरलेले असते.

म्हणून प्रत्येक मजुराला एक कायदा तोंडपाठ असावा. १८७८ चा गुप्तधन कायदा. जमिनीत दडवलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे. काय सापडले, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कधी सापडले. चौकशी होऊन धन बेवारस ठरले, जमीनमालकाने दावा सांगितला आणि आधी काही करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा. पुन्हा वाचा. तीन हिस्से ज्याचे फावडे त्याचे, एक हिस्सा ज्याचा सातबारा त्याचा! सरकारला ते धन हवे असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकते. लपवले तर मात्र वाटाही जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सरकारी कामांच्या करारनाम्यात सापडलेल्या नाण्यांविषयी अनेकदा एखादे कलम घातलेले असते. पण ठेकेदाराने सही केली म्हणून मजुराने केली असे होत नाही. हा मुद्दा आपल्या वकील मंडळींनी एकदा नीट तपासावा, ही विनंती. आणि १९७२ चा पुरावस्तू कायदाही ध्यानात असू द्या. शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे. ते देशाबाहेर नेता येत नाही आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो.

विहारात त्या रविवारी ठरले ते एवढेच. वाचनालयाच्या कपाटात एक खण नाण्यांसाठी. ज्याच्या घरात जे असेल ते दाखवायला आणायचे, वहीत नोंद करायची, घरी परत न्यायचे. कोणाकडून आले, कधी आले, कोणी जपले, हे नाण्याच्या सालाइतकेच महत्त्वाचे म्हणून लिहायचे. एका पोरीने १९५० चा पैसा आणला आहे. त्यावर राजाचे डोके नाही, सारनाथचे सिंह आहेत आणि मागे घोडा. बाबासाहेब कायदामंत्री असताना हा शिक्का निघाला, हे तिने स्वतः शोधून वहीत लिहिले. नाणी ब्रासोने घासू नका, हे मात्र तिघांना रागावून सांगावे लागले. घासले की जुनेपण जाते आणि मोलही जाते.

पुढच्या सुट्टीत फोर्टला, रिझर्व्ह बँकेच्या २००४ साली सुरू झालेल्या चलन संग्रहालयात जायचे ठरले आहे. द्रोणागिरीहून लोकल, पुढे गाडी बदलून सीएसएमटी. नावे लिहून घेताना आत्याने विचारले, भोकाच्या पैशाला भोक का असते रे? मी सांगितले, महायुद्धात तांबे वाचवायला सरकारने १९४३ साली मधून काढून घेतले. ती हसली. म्हणाली, "आम्ही तो ओवून पोराच्या कमरेला बांधायचो." हेही वहीत लिहिले. मग तिने डब्याचे झाकण लावले आणि विचारले, तिथे आत डबा नेऊ देतात का?